डब्याच्या पिशवीतला राजीनामा

तीन आठवडे राजीनामा डब्याच्या पिशवीत घेऊन फिरतेय. घडीवर आता तेलाचा डाग पडलाय. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतली, म्हणजे औद्योगिक वसाहतीतली, ही नोकरी सोडायचीच आहे. रात्री साडेनऊला साहेबांचा फोन वाजला की घास घशाखाली उतरत नाही. पण दांडिया बाजारातल्या खोलीचं भाडं, आईची औषधं?

काल सूरसागर तलावाच्या काठावर बसून हिशेब मांडला. साठवलेले पैसे चार महिने पुरतील. जूनमध्ये ५ वर्षं पूर्ण होतात, म्हणजे ग्रॅच्युइटी मिळेल: दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. माझ्या घामाचे पैसे आहेत ते, सोडणार नाही.

आई एवढंच म्हणाली, "आधी नीट झोपायला लाग गं." रडूच आलं.

जूनपर्यंत थांबते. रोज एक अर्ज, नऊनंतर फोन बंद. दुसरी मिळो न मिळो, जुलैत हा कागद साहेबांच्या टेबलावर असेल.