इथली की बाहेरची? जुनी गाडी घेताना आणि विकतानाचा माझा अनुभव

जुनी गाडी घ्यायची ठरली तेव्हा घरात दोन पार्ट्या पडल्या, बाबा म्हणे आपल्या इथल्याच कंपनीची घे, पार्ट कुठेही मिळतात, आणि दादा म्हणे बाहेरच्या ब्रँडची घे, इंजिन बघावं लागत नाही आणि विकताना पैसे परत येतात. मी शेवटी दोन गाड्या शॉर्टलिस्ट केल्या, दोन्ही सहा वर्षांच्या, रनिंगही जवळपास सारखंच, पण बाहेरच्या ब्रँडचा भाव इथलीच्या दीडपट.

पहिला धक्का चेसिस नंबरने दिला. हा १७ अक्षरांचा असतो आणि सुरुवातीच्या अक्षरांवरून गाडी कुठल्या देशात बनली ते कळतं, जपानची असेल तर जे, जर्मनीची असेल तर डब्ल्यू, अमेरिकेची असेल तर बऱ्याचदा १, ४ किंवा ५. मी काचेखालच्या पट्टीवर मोबाईलचा टॉर्च मारून दोन्ही नंबर लिहून घेतले तर सुरुवात दोन्हीची एकच! म्हणजे दादा जिला इंपोर्टेड इंपोर्टेड म्हणत होता ती पण इथेच असेंबल झालेली होती, बाहेरचं होतं ते नाव. मग आपण दीडपट पैसे नक्की कशाचे देतोय हा प्रश्न डोक्यातून जाईना.

यावर वाचताना मला एक उदाहरण सापडलं ते फार आवडलं. अमेरिकेत फ्रेमाँटला जनरल मोटर्स आणि टोयोटाचा एकत्र कारखाना होता, 1984 ला सुरू झाला, तिथे टोयोटा कोरोला बनायची आणि तिचीच जुळी बहीण जिओ प्रिझम पण, जी पुढे शेवरोले नावाने विकली गेली. आतून जवळपास तीच गाडी, तेच कामगार, तरी सेकंडहँड बाजारात प्रिझम स्वस्तात जायची. म्हणजे रिसेल हा लोकांच्या मनातल्या विश्वासाचा भाव आहे, मशीनचा नाही. आणि जुनी घेणाऱ्याला हे फायद्याचंच की, कारण भाव पडल्याचा तोटा पहिल्या मालकाने आधीच सोसलेला असतो.

पण म्हणून डोळे मिटून इथली घेतली असं नाही हां. मेकॅनिक काकांना घेऊन दोन्ही गाड्या बघायला गेले. काकांनी आधीच बजावलं होतं, ताई, मालकाला सांगा आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका, थंड इंजिनच खरं बोलतं, गरम असलं की चालू व्हायची कुरकुर लपते. बाहेरच्या ब्रँडवाल्याकडे पोचलो, बॉनेटवर हात ठेवला तर चांगलं गरम. तो म्हणे आत्ताच दूध आणायला गेलो होतो. असेल खरं, पण काकांनी गिअरबॉक्सची डिपस्टिक काढून पांढऱ्या कागदावर पुसली तर तेल काळपट आणि जळका वास. वर टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नाही, आणि गाडी 1,10,000 किलोमीटर चाललेली. काही इंजिनांमध्ये हा बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि अख्खं इंजिन उघडायची वेळ येते, तिथे ब्रँड कितीही भारी असला तरी काय उपयोग.

इथली गाडी दिसायला साधी, डॅशबोर्डचं प्लास्टिक खुळखुळत होतं, एसी जरा उशिरा गार व्हायचा. पण गाडीच्या मालकीणबाईंनी फाईल काढली आणि सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या, प्रत्येकीवर किलोमीटर लिहिलेले. बॉनेट थंडगार. चावी फिरवली आणि पहिल्या झटक्यात चालू, धूर नाही काही नाही. तिथेच ठरलं.

साडेपाच वर्षं वापरली. मध्ये सस्पेन्शनचे बुश, अल्टरनेटर आणि एक रेडिएटर बदलला, पार्ट दुसऱ्या दिवशी हातात. विकायच्या वेळी हिशोब मांडला, घेतलेली किंमत अधिक दुरुस्त्या वजा विकून येणारे पैसे, त्याला चाललेल्या किलोमीटरने भागायचं, हा एकच आकडा मला पटतो. दादाने त्याच सुमारास नवी घेतलेली बाहेरच्या ब्रँडची गाडी विकली, त्याला टक्केवारीत रिसेल माझ्यापेक्षा चांगला मिळाला हे मान्य, पण किलोमीटरमागे खर्च माझा कमी निघाला. अर्थात नवी घेऊन तीन-चार वर्षांत विकायची असेल तर दादाचं गणित बरोबर असू शकतं, तेव्हा नावाचा भाव खरंच कामाला येतो.

माझी गाडी बघायला एक नवरा-बायको आले. मी आदल्या संध्याकाळपासून चावीला हात लावला नव्हता, फाईल बॉनेटवरच ठेवली होती. बाईंनी फाईल उचलायच्या आधी बॉनेटवर तळहात टेकवला, नवऱ्याकडे बघितलं आणि मग पहिली पावती उघडली.