सात दिवस खाली बसून

आईचा दफनविधी मी इथे इस्राएलमधल्या दिमोनात बसून मोबाइलवर पाहिला. नगरला पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं, म्हणून निघालेच नाही. मग आमच्या चर्चच्या मंडळीतल्यांचे मेसेज सुरू झाले. 'देवाची इच्छा', 'रडू नकोस, ती प्रभूजवळ आहे.' मीही आजवर लोकांना हेच सांगत आले, आणि पुनरुत्थानावर माझा विश्वास आहेच. पण त्या दिवशी त्या शब्दांनी माझं रडणं घशातच अडकलं.

मी ज्यांची देखभाल करते त्या आजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, मूळच्या पेणच्या. इथे येऊन साठ वर्षं झाली, तरी घरात मराठीच. त्या म्हणाल्या, "सात दिवस खाली बस. माझं सगळं सून बघेल."

"आजी, मी ख्रिस्ती आहे."

"नियम तुला लागू नाही गं. पण बसायला कोण नको म्हणतंय?"

याला इथे शिवा म्हणतात. हिब्रूत शिवा म्हणजे सात. आईवडील, नवराबायको, भावंडं किंवा मूल गेलं की घरचे बुटक्या स्टुलावर नाहीतर जमिनीवर बसतात. आरसे झाकतात, दार उघडं ठेवतात, म्हणजे येणाऱ्याला बेल वाजवावी लागत नाही. पहिलं जेवण शेजाऱ्यांकडून यायचं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मसुराची आमटी आणि उकडलेली अंडी आणली. एक अंडं स्वतः सोलून माझ्या हातात ठेवलं आणि शेजारी बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. दुःखात असलेला माणूस बोलेपर्यंत भेटायला आलेल्याने तोंड उघडायचं नाही, अशी रीत आहे. मी बहुतेक अर्ध्या तासाने म्हणाले, "आईला मसूर आवडायचा." मग रडले, खूप.

रात्री बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक उघडलं. ईयोबावर सगळी संकटं कोसळल्यावर त्याचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि त्याचं दुःख पाहून एक शब्दही बोलले नाहीत. पुढे बोलायला लागले, कारणं द्यायला लागले, तेव्हा चुकले, आणि शेवटी देवाने त्यांना तसं सुनावलंही. हा अध्याय मी कितीदा वाचला असेल, पण ते सात दिवस कधी नजरेत भरले नव्हते. आपल्याकडे अंत्यविधीला स्तोत्र २३ म्हणतात, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे दिलाशाचं. ८८वं मी कधी ऐकलं नाही. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासाही नाही, तरी पवित्र शास्त्रात आहे.

आणि गेथशेमाने, येशूने पकडला जाण्याआधी जिथे प्रार्थना केली ती बाग. आपला जीव मरणप्राय खिन्न झालाय, हे येशूने शिष्यांना उघड सांगितलं, आणि माझ्याबरोबर जागे राहा म्हणून विनवलं. ते झोपले, पण त्याने मागितलं तरी. मी कुणाकडे काही मागत नव्हते. परक्या देशात ओझं कशाला व्हायचं, असं वाटायचं. तिसऱ्या दिवशी केरळच्या दोघी मैत्रिणींना फोन केला. म्हटलं, प्रार्थना नंतर करू, आधी नुसत्या या. ड्युटी संपवून रात्री साडेनऊला आल्या, चपला काढल्या आणि माझ्याबरोबर फरशीवर बसल्या.

सातव्या दिवशी सकाळी काकूंनी मला हाताला धरून उठवलं. शिवा संपली की घराबाहेर पडून एक फेरी मारतात. आजी वॉकर घेऊन दारात तयारच होत्या. मी म्हटलं, ऊन आहे, तुम्ही नका येऊ. त्यांनी ऐकलं नाही. त्यांच्या चालीने बिल्डिंगला एक वळसा घालायला आम्हाला पाऊण तास लागला.