आंबिलीची बरणी आणि पोटाची वही : सोळावा आठवडा

माझे आतडे हळवे आहे, म्हणून कोणता आंबवलेला पदार्थ मला सोसतो ते मी वहीत टिपतो आहे. मागच्या नोंदीत कोबीच्या बरणीपाशी थांबलो होतो आणि तिचा निकाल पुढच्या वेळी सांगेन, असे लिहिले होते. निकाल वाईट लागला. परंतु त्या एका बरणीने जेवढे शिकवले तेवढे बाकीच्या साऱ्या बरण्यांनी मिळूनही शिकवले नाही, म्हणून आज तिच्यापासूनच सुरुवात करतो.

६०० ग्रॅम कोबी बारीक चिरून, त्याला दोन टक्के म्हणजे १२ ग्रॅम मीठ चोळून, त्याचेच पाणी सुटेपर्यंत हाताने दाबून तो काचेच्या बरणीत भरला होता आणि वर वजन म्हणून पाण्याने भरलेली छोटी वाटी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी कडेने बारीक बुडबुडे चढू लागले, झाकण सैल केले की सोड्याच्या बाटलीसारखा फुस्स आवाज येऊ लागला आणि २१व्या दिवशी पीएचच्या (आंबटपणा मोजण्याच्या) पट्टीने ३.५च्या आसपासचा रंग दाखवला. वास स्वच्छ आंबट, कोबी करकरीत, वर बुरशीचा ठिपका नाही. त्या रात्री मऊ भातासोबत तीन मोठे चमचे खाल्ले आणि अकराच्या सुमारास पोट नगाऱ्यासारखे फुगले. योगायोग असेल म्हणून चार दिवसांनी तेवढेच पुन्हा खाल्ले, तेव्हाही तेच झाले. त्याच वजनाची कोबीची साधी भाजी मात्र मला कधीही त्रास देत नाही.

याचा अर्थ, जे काही बिघडत होते ते कोबीत नव्हते, बरणीत तयार झाले होते. कोबी आंबताना सुरुवातीला ज्या जिवाणूंचे राज्य असते, त्यांत ल्युकोनोस्टॉक हा प्रमुख असतो. तो कोबीतली फ्रुक्टोज साखर घेऊन तिचे मॅनिटॉल, म्हणजे साखरेसारखाच एक गोड पदार्थ, करतो. मॅनिटॉल लहान आतड्यात नीट शोषले जात नाही. ते आपल्याबरोबर पाणी ओढून घेते आणि मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू त्याचा वायू करतात. निरोगी माणसाला तेवढ्या वायूचा पत्ताही लागत नाही, पण ज्याचे आतडे हळवे झालेले आहे त्याला तो ताण वेदनेसारखा जाणवतो. आंबवल्याने पदार्थ हलका होतो, हे आपण आंबवणारी मंडळी मंत्रासारखे म्हणत असतो. तो मंत्र अर्धाच खरा आहे. जिवाणू काय खातात याबरोबरच ते काय मागे ठेवतात, हेही पाहावे लागते, आणि माझ्या वहीचा सगळा रोख आता तिकडे वळला आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासणीत दोष न सापडता पोट दुखणे, फुगणे आणि शौच बिघडणे) असल्याचे निदान डॉक्टरांनी रक्ताच्या आणि शौचाच्या तपासण्या करून, सिलियाक आजार (गव्हातल्या ग्लूटेनने होणारा आतड्याचा आजार) आणि आतड्याची सूज नाही याची खात्री झाल्यावर केले. शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, रक्त कमी होणे, ताप, रात्री झोपेतून उठवणारी कळ किंवा पन्नाशीच्या आसपास प्रथमच सुरू झालेली तक्रार, यांपैकी काहीही असेल तर बरणी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. वहीत मी रोज चार रकाने भरतो: काय खाल्ले आणि किती, पोटदुखी शून्य ते दहा, फुगणे शून्य ते दहा, आणि शौचाचा प्रकार ब्रिस्टलच्या सात प्रकारांच्या तक्त्यानुसार. भाद्रपदात सुरुवात केली तेव्हा आठवड्यातले चार-पाच दिवस सहावा, म्हणजे पातळसर शौचाचा, प्रकार असे. गेल्या तीन आठवड्यांत तो एकूण चारदा आला. हा आजार आपोआप चढतो-उतरतो आणि औषध म्हणून काहीही दिले तरी बऱ्याच रुग्णांना काही काळ बरे वाटते, त्यामुळे या उताराचे श्रेय मी अजून कोणालाही दिलेले नाही.

ताकाचा हिशेब मात्र आता पक्का झाला आहे. गाईच्या २०० मिलिलिटर दुधात नऊ ते दहा ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असते. विरजताना त्यातला काही भाग जिवाणू खातात, पण सगळा नाही; घरचे गोडसर दही लॅक्टोजच्या दृष्टीने दुधाहून फार वेगळे नसते. मात्र एक भाग दही आणि तीन भाग पाणी असे ताक केले, तर त्याच पेल्यात लॅक्टोज सुमारे दोन ग्रॅमच उरते. शिवाय दह्यातल्या जिवंत जिवाणूंचे विकर पोटात गेल्यावरही लॅक्टोज फोडायला हातभार लावते, आणि ही गोष्ट पुराव्याने सिद्ध झालेली आहे. मला एक वाटी दही सोसत नाही, दुपारच्या जेवणानंतरचे पेलाभर पातळ ताक सोसते. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड असते, पुदिना नसतो; पुदिन्याने पोटाची कळ सैल पडते हे खरे, पण अन्ननलिकेच्या खालची झडपही सैल पडते आणि मला तासाभरात छातीत जळजळ सुरू होते.

या चार महिन्यांतला खरा सापडलेला पदार्थ म्हणजे ज्वारीची आंबील, आणि तो मी शोधला असे म्हणण्याची सोय नाही. आमचे गाव लातूरकडचे. फोनवर आईला कोबीचा पराक्रम सांगितला तेव्हा ती म्हणाली, “अरे, परदेशातलं काय काय आंबवत बसतोस? येळवशीला हंडाभर आंबील पिऊन दिवसभर रानात खेळायचास, तेव्हा दुखलं होतं का कधी पोट?” येळवस म्हणजे आमच्याकडचा रानात साजरा होणारा अमावास्येचा सण. मला आठवत नव्हते, तिला आठवत होते.

त्याच रात्री अर्धी वाटी ज्वारीचे पीठ एक वाटी ताकात गुठळ्या मोडून कालवले आणि चिनी मातीच्या बरणीत झाकून ठेवले. पुण्याच्या थंडीत त्याला १४ तास लागले. सकाळी वर पिवळसर निवळी आली होती, चमचा बुडवताच तळातून दोन-तीन बुडबुडे आले आणि वास आंबट पण स्वच्छ होता. मग दोन वाट्या पाणी उकळून त्यात हे कालवण धार धरून सोडले आणि मंद आचेवर सारखे ढवळत राहिलो. आठव्या मिनिटाला पिठाचा कच्चा वास जाऊन त्याला चकाकी येते, तेव्हा ती शिजली असे समजावे. एक गोष्ट स्पष्ट लिहितो: शिजवल्यावर त्यातले जिवाणू मरतात, त्यामुळे आंबिलीला प्रोबायोटिक, म्हणजे उपकारक जिवंत जिवाणू देणारा पदार्थ, म्हणू नये. कोमट झाल्यावर मी वरून ताजे ताक घालतो, ते जिवंत असते. मला ती मानवण्याचे कारण बहुधा साधे आहे: मऊ शिजलेली ज्वारी, थोडेसे लॅक्टोज, आणि गव्हात व कांद्यात असतात तेवढ्या फ्रुक्टानचा (न पचता मोठ्या आतड्यात वायू करणाऱ्या शर्करांचा) अभाव.

लसणाची अडचण होती. लसूण फ्रुक्टानने भरलेला असतो, आणि लसणाशिवाय आंबील म्हणजे आईच्या मते आजाऱ्याची पेज. फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत; म्हणून तेलात ठेचलेल्या पाकळ्या लालसर होईपर्यंत परततो, त्या पूर्ण काढून टाकतो आणि उरलेल्या तेलात जिऱ्याची फोडणी करून लगेच वापरतो. असे तेल साठवून ठेवू नये, त्यात घातक जिवाणू वाढण्याचा धोका असतो. हिंग चिमूटभरच, कारण बाजारातल्या बहुतेक बांधानी, म्हणजे पिठात मिसळलेल्या, हिंगात मैदा असतो.

ईसबगोलाबद्दल अनेकांनी विचारले होते. माझ्या सगळ्या घरगुती उपायांत पुराव्याचे पारडे त्याचेच जड आहे. २००९ साली नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ईसबगोलाने फायदा दिसला, तर गव्हाच्या कोंड्याने अनेकांचा त्रास वाढून त्यांनी चाचणी सोडली. मी अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करून तीन आठवड्यांत दोन चमच्यांवर आलो, प्रत्येक वेळी मोठा पेला भरून पाण्यासोबत. ईसबगोलाचा भुसा कोरडा गिळू नये. ओव्याने मला फक्त तोंडाला चव आली.

आंबवलेल्या पदार्थांबद्दल एवढेच म्हणता येईल की २०२१ साली स्टॅनफर्डच्या अभ्यासात ते भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातील जिवाणूंचे वैविध्य वाढले आणि दाह दाखवणारी काही प्रथिने घटली, पण अभ्यासातली सगळी ३६ माणसे निरोगी होती, आणि त्यांतल्या निम्म्यांनीच आंबवलेले पदार्थ खाल्ले होते. आयबीएससाठी प्रोबायोटिक गोळ्या सरसकट घ्याव्यात असे अमेरिकेतल्या पचनविकारतज्ज्ञांच्या संस्थाही सांगत नाहीत. त्यामुळे दुकानातल्या महागड्या बाटल्यांपेक्षा मी माझ्या चार रकान्यांवर अधिक विसंबतो.

येळवस आठ दिवसांवर आली आहे आणि मी गावी जाणार आहे. तिथल्या भज्जीत ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा आणि बेसन हे सगळे एकाच पातेल्यात असते, म्हणजे कडधान्यांतल्या न पचणाऱ्या साखरांचे संमेलनच. भज्जीचे दोन चमचे आणि आंबिलीचे दोन पेले, एवढे मी आईला आधीच कळवले आहे. तिने “बघू” असे म्हटले आहे. वही सोबत नेतो आहे; सतराव्या आठवड्याचे आकडे रानातून परतल्यावर लिहीन.