न बसणारा गाळ

जळगावातल्या आमच्या प्रयोगशाळेत डांबर खडीला किती घट्ट धरतं, ते तपासायचं काम रोजचं. त्या दिवशी उलटं करायचं होतं. अभियांत्रिकीच्या मुलांना कॅनडातल्या अल्बर्टात डांबरी वाळूतून तेल कसं सोडवतात, ते दाखवायचं होतं.

पहिला घाणा वाया गेला. सवयीने वाळू सुकवून, तापवून डांबर ओतलं. मग कितीही ढवळलं तरी कण काळेच. अल्बर्टाच्या वाळूत कणाभोवती पाण्याचा पातळ थर असतो आणि डांबर त्याच्या बाहेर, म्हणून ते सुटतं. रस्त्यावर हेच झालं की आम्ही ‘स्ट्रिपिंग’ म्हणून ठेकेदाराला झापतो!

दुसऱ्या घाण्याला 850 ग्रॅम वाळू आधी ओली केली, 50 ग्रॅम काळी माती मिसळली, मग रॉकेलने सैल केलेलं 100 ग्रॅम डांबर. तिथल्या चांगल्या वाळूतही डांबर 10-12 टक्केच. एका पिंपाला, म्हणजे 159 लिटरला, दोन टनांच्या आसपास वाळू खणावी लागते. पाणी 80 अंशांवर, कॉस्टिक सोडा सामू (pH) साडेआठ होईल इतकाच. कॅनडातले रसायनशास्त्रज्ञ कार्ल क्लार्क यांनी 1920च्या दशकात बसवलेली पद्धत साधारण अशीच. डांबर जवळपास पाण्याइतकंच जड, त्यामुळे ढवळताना हवा आत जायला हवी. बुडबुड्याला चिकटलं तरच फेसासोबत वर येतं. निम्म्याहून जास्त आलं.

उरलेलं पाणी लिटरच्या सिलिंडरमध्ये ओतलं. वाळू लगेच तळाला बसली. वरचं गढूळ पाणी पाच वाजले तरी तसंच.

आमचे मदतनीस नाना अमळनेरकडचे, घरची शेती. सिलिंडर उजेडात धरून म्हणाले, “हाई तं चोपण शे, साहेब. जिप्सम टाका.”

नेमकं बोलले. सोडियम चिकणमातीच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो; चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या, जमिनीत पाणी मुरत नाही ते यामुळेच. डांबर सुटायला घातलेल्या सोड्यातला सोडियमच गाळ बसू देत नाही. अल्बर्टात असा गाळ काही वर्षांत 30 टक्के घन पदार्थ होईल इतका दाटतो आणि मग दशकानुदशके तसाच राहतो. त्याची तळी 200 चौरस किलोमीटरहून मोठ्या क्षेत्रावर आहेत, गाळ एक अब्ज घनमीटरहून जास्त. त्या पाण्यात माशांना विषारी ठरणारी नॅप्थेनिक आम्लं असतात, वर डांबराचा तवंग. एप्रिल 2008मध्ये अशा एकाच तळ्यात 1,606 बदकं मेली.

चमचाभर जिप्सम टाकलं. दहा मिनिटांत झुबके धरले, तासाभरात वर नितळ पाणी. तिथेही जिप्सम वापरतात. पण तेच नितळ पाणी तिसऱ्या घाण्याला घेतलं, तर फेस निम्माही आला नाही. जिप्सममधल्या कॅल्शियममुळे माती डांबराला लिंपून बसते, बुडबुडा धरत नाही. तिथले कारखाने बहुतेक पाणी फिरवून वापरतात, त्यामुळे हे क्षार साचत जातात.

तळाचा गाळही दह्यासारखाच राहिला. नानांनी दहा रुपयांचं नाणं सोडलं, ते थेट तळाला गेलं.

बेसिनमध्ये ओतता येईना, म्हणून सगळं पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून बाकाखाली ठेवलं. अजून तिथेच आहे.