नाव बदलते, पण कंपनी बदलते का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एखादी बलाढ्य तंत्रज्ञान कंपनी नवे नाव घेते, लोगो आणि रंग बदलते, तेव्हा हे रीब्रँडिंग तिथल्या वर्क कल्चरमध्ये खरोखर रुजू शकते का, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, कारण अशा कंपन्यांत कर्मचाऱ्यांशी संवाद साधण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. माझे उत्तर असे की रुजू शकते, पण काम आधी बदललेले असेल आणि नाव त्याच्या मागून आले असेल तरच.

कल्चर म्हणजे भिंतीवर रंगवलेली मूल्ये, असे मी मानत नाही. अप्रेझलमध्ये कोण वर जातो, सिस्टिम कोसळल्यावर पहिला प्रश्न 'कोणी केले' असा येतो की 'कसे झाले' असा, आणि रिलीजच्या आदल्या दिवशी एखाद्या ज्युनिअर इंजिनिअरने 'हे अजून तयार नाही' असे सांगितले तर त्याचे ऐकले जाते का, यावरून कल्चर कळते. यांपैकी एकही गोष्ट लोगोच्या फाइलमध्ये नसते.

मायक्रोसॉफ्टचे उदाहरण मला यासाठी फार बोलके वाटते. या कंपनीने ऑगस्ट २०१२ मध्ये, तब्बल २५ वर्षांनी, आपला लोगो बदलला. पण प्रत्येक टीममधल्या काही जणांना तळाच्या श्रेणीत टाकायलाच हवे, ही 'स्टॅक रँकिंग'ची पद्धत तेव्हाही चालूच होती. शेजारी बसणाऱ्याला मदत केली तर आपलाच क्रमांक घसरेल, अशी धास्ती जिथे आहे तिथे चार रंगांच्या चौकोनाने काय बदलणार? ती पद्धत नोव्हेंबर २०१३ मध्ये मोडीत काढली गेली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सत्या नाडेला प्रमुख झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच, फारसा गाजावाजा न करता, 'विंडोज अझूर' या क्लाउड सेवेचे नाव 'मायक्रोसॉफ्ट अझूर' असे झाले. त्या सेवेवर लिनक्स ही विंडोजची प्रतिस्पर्धी ऑपरेटिंग सिस्टिम आधीपासूनच चालत होती. म्हणजे 'विंडोज' हा शब्द कामाला अपुरा पडू लागला होता आणि तो गळून पडला. माझ्या मते आधीच्या वर्षांतल्या लोगोपेक्षा हा लहानसा बदल कंपनीच्या अंगाला अधिक चपखल बसला. ॲपलनेही ९ जानेवारी २००७ रोजी, आयफोन जाहीर केला त्याच दिवशी, आपल्या नावातून 'कॉम्प्युटर' हा शब्द काढला. आयपॉड त्याआधी पाचेक वर्षे विकला जात होता, त्यामुळे हा बदल आत कोणाला समजावून सांगण्याची गरज पडली नसावी.

मेटाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि तुमच्यापैकी बहुतेकांच्या मनात तीच असते. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक कंपनीने 'मेटा' हे नाव घेतले, तेव्हा तिचे जवळजवळ सगळे उत्पन्न जाहिरातींतून येत होते. ज्या मेटाव्हर्ससाठी, म्हणजे माणसे एकमेकांना भेटतील अशा आभासी जगासाठी, नाव बदलले त्याचे काम पाहणाऱ्या रिॲलिटी लॅब्स विभागाचा तोटा त्या एका वर्षात १० अब्ज डॉलरच्या वर गेला आणि पुढच्या वर्षी १३ अब्जांच्याही वर. फेब्रुवारी २०२२ मध्ये नवी मूल्ये आली, कर्मचाऱ्यांना 'मेटामेट्स' म्हटले जाऊ लागले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ११ हजारांहून अधिक जणांना कामावरून कमी करण्यात आले. कामाच्या दृष्टीने पाहिले तर हे नाव फार आधी आले. पण मतदानाचे बहुसंख्य हक्क संस्थापकाच्या हाती असणे, त्याने एक प्रचंड पैज लावणे आणि सगळ्या कंपनीने वेगाने त्या दिशेला वळणे, ही तर तिथली जुनीच रीत होती. म्हणजे जे नाव घेतले ते कामाशी जुळत नव्हते, पण ज्या पद्धतीने घेतले ती कल्चरला धरूनच होती. हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि ते एकत्र केले की उत्तर हमखास चुकते.

याच कसोटीवर ट्विटर तपासले तर निष्कर्ष अस्वस्थ करतो. जुलै २०२३ मध्ये तिथे 'एक्स' हे नाव आले, तोपर्यंत बहुसंख्य जुने कर्मचारी गेले होते आणि कामाची जुनी पद्धतही त्यांच्याबरोबर गेली होती. कंपनी आधी बदलली, नाव नंतर आले. म्हणजे ते आत सहज बसले असणार. म्हणून मी आग्रहाने सांगते की नाव रुजले म्हणजे चांगलेच झाले, असा अर्थ काढू नये.

मी जवळून पाहिलेल्या एका कंपनीत, तिचे नाव इथे महत्त्वाचे नाही, नव्या ब्रँडच्या घोषणेत 'चपळता' हा शब्द वारंवार येत होता. प्रश्नोत्तरांच्या वेळी एका इंजिनिअरने उभे राहून विचारले, "उद्यापासून लाइव्ह सिस्टिमवर बदल टाकायला किती जणांची मंजुरी लागेल?" उत्तर मिळाले की प्रक्रिया आहे तीच राहील. त्या क्षणी सभागृहातल्या लोकांचे लक्ष उडालेले मला स्पष्ट दिसले. पुढे नवे नाव प्रेझेंटेशनमध्ये राहिले आणि चहाच्या वेळी जुनेच चालू राहिले. तिथल्या माणसांना बदल नको होता असे मुळीच नाही. त्यांना तो मंजुरीच्या त्या साखळीत हवा होता.

जुने नाव कोडमध्ये, फोल्डरमध्ये, सर्व्हरच्या पत्त्यांत उरते, याची मात्र उगाच काळजी केली जाते. ॲपलने १९९७ मध्ये नेक्स्ट ही कंपनी ताब्यात घेतली. तिच्या नेक्स्टस्टेप या प्रणालीची 'एनएस' ही अक्षरे ॲपलच्या प्रोग्रामिंगमधल्या असंख्य नावांच्या सुरुवातीला आजही आहेत, आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेले नाही.

कर्मचाऱ्यांना विचारून नाव ठरवावे का, हा पुढचा प्रश्न असतो. अँडरसन कन्सल्टिंग या सल्लागार कंपनीला लवादाच्या निर्णयामुळे जुने नाव सोडावे लागले, तेव्हा त्यांनी कर्मचाऱ्यांकडूनही सूचना मागवल्या, आणि १ जानेवारी २००१ पासून स्वीकारलेले 'ॲक्सेंचर' हे नाव त्यांच्या ऑस्लो कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने सुचवले होते. नाव बदलण्याची सक्ती बाहेरून झाली होती, मुदतही थोडी होती, तरी ते टिकले. कर्मचाऱ्यांच्या सहभागाचा त्यात वाटा आहे, हे मला मान्य आहे. पण मूळ कारण मला वेगळे दिसते: हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसन या जुन्या सहकंपनीपासून त्यांचे काम, ग्राहक आणि कमाई आधीच वेगळी झाली होती, आणि नावाचा निर्णय तेवढा व्हायचा राहिला होता.