चर्चच्या पत्र्यावरचं पाणी

मे संपत आला की सोलापुरात बोर पुनर्भरणाची, म्हणजे पावसाचं पाणी गाळून बोरमध्ये सोडण्याची, कामं एकदम अंगावर येतात. त्यातलंच हे एका चर्चचं. पत्र्याचं छप्पर 200 चौरस मीटर, आवारात आटलेली बोर. पाऊस 500 मिलिमीटरच धरला आणि वाया जाणारं पाचवा हिस्सा वजा केलं, तरी वर्षाला 80,000 लिटर पाणी त्या पत्र्यावरून थेट गटारात जात होतं.

आम्ही बोरभोवती खड्डा खणायला घेतला. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, पावसासाठी प्रार्थनासभा होती. मंडळीतल्या एका ज्येष्ठ पंचांना खणकाम खटकलं. "पाऊस देणारा तो आहे. आधी मागू तर द्या." पाळकांनी वाद घातला नाही. खड्ड्याच्या काठावर उभं राहून त्यांनी बायबलमधला 2 राजे, तिसरा अध्याय वाचला. इस्राएल, यहूदा आणि अदोमचं सैन्य सात दिवस वळसा घालून चाललेलं, माणसांना पाणी नाही, जनावरांना नाही. अलीशा संदेष्टा सांगतो, कोरड्या खोऱ्यात चर खणा. वारा दिसणार नाही, पाऊस दिसणार नाही, तरी खोरं भरेल. सकाळी पाणी आलं तेव्हा चर तयार होते. चरांनी पाणी आणलं नाही, हे खरंच. पण खणायला सांगितलं होतं आणि ते खणले गेले.

पंच गप्प ऐकत होते. तरुण संघाची पोरं पुन्हा खड्ड्यात उतरली.

आमच्याकडे बहुतेक खड्डे फसतात ते काळ्या मातीत. ती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वर तुंबून राहतं. म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतं. पंचांसमोरच पाहणी केली. काळ्या मातीत हातभर खोल भोक, त्यात बादलीभर पाणी. अर्ध्या तासात पट्टीवर जेमतेम बोटभर उतरलं. खाली सहा फुटांवर मुरूम लागला, तिथे तेवढंच पाणी ओतलं आणि पट्टी आणेपर्यंत भोक रिकामं. पंच वाकून बघत राहिले. मग स्वतःच म्हणाले, "अजून थोडं खाली घ्या."

पुढचं काम ठरलेलं. बोरच्या तोंडाशी बसवलेल्या केसिंग पाइपला भोकं फक्त खालच्या दगडगोट्यांच्या थरापुरती पाडायची, त्यावर नायलॉनची जाळी घट्ट गुंडाळायची. दगडगोट्यांवर 40 मिलिमीटर खडी, मग 20 मिलिमीटर, पुन्हा जाळी, सगळ्यात वर वाळू. ही मधली जाळी विसरली की वाळू खडीत उतरते आणि गाळणी संपली. पन्हळीला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार. पहिल्या सरीचं पाणी बोरमध्ये जाऊ द्यायचंच नाही: त्यात धूळ, कबुतरांची विष्ठा, कडुनिंबाचा पाला. या पत्र्याला निदान 400 लिटर बाहेर सोडावं लागतं, त्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह. गढूळ पाणी सरळ केसिंगमध्ये सोडलेल्या बोरी गाळाने बसलेल्या आम्ही पाहतो, तेव्हा फार वाईट वाटतं. त्या मोकळ्या करणं अवघड असतं.

संध्याकाळी पंचांनी विचारलं, "एवढं केल्यावर आपल्याच बोरला पाणी येईल ना?"

तशी हमी देता येत नाही. खाली काळा कातळ आहे, पाणी त्याच्या फटींमधून जातं आणि फट कुठे निघेल ते वरून दिसत नाही. शेजारच्या वस्तीतल्या बोरलाही लागेल. मी तसंच सांगितलं. त्या अध्यायातही पाणी अदोमच्या बाजूने आलं, खणणाऱ्यांनी दिशा ठरवली नव्हती. खड्डा, थर, उतार हे माझ्या हातातलं, आणि त्यात कसूर करायला देवाचं नाव पुढे करू नये असं मला मनापासून वाटतं. त्यापलीकडचं त्याच्याकडे सोपवताना मला भीती वाटत नाही.

पंच थोडा वेळ थांबून म्हणाले, "शेजाऱ्यांना मिळालं तरी चालेल." मग त्यांनी विचारलं, पाऊस सुरू झाल्यावर पन्हळीवरची पाला अडवणारी जाळी कोण साफ करणार? आमच्याकडे खरा जोर सप्टेंबरात असतो, तोवर पाला साचत राहतो आणि एवढ्या एका कारणाने चांगली कामं बंद पडतात. महिला मंडळाने दर शनिवार आपल्याकडे घेतला. व्हॉल्व्ह फिरवायचं काम तरुण संघाकडे गेलं, आणि दोन्ही नावं रविवारच्या सूचनांच्या कागदावर प्रार्थनासभेच्या वेळेखाली लिहिली गेली.