धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी : अ‍ॅल्युमिनिअमपाशी अडलेले भाकीत

या महिन्यापासून मी एक नियम काटेकोरपणे पाळतो आहे : धातूचा तुकडा द्रावणात सोडण्यापूर्वी अपेक्षित परिणाम वहीत शाईने लिहायचा आणि नंतर त्यात खाडाखोड करायची नाही. मॅग्नेशिअम, अ‍ॅल्युमिनिअम, जस्त, लोखंड, तांबे आणि चांदी हा अभिक्रियाशीलतेचा उतरता क्रम, म्हणजेच श्रेणी, समोर ठेवला की, वरचा धातू खालच्या धातूला त्याच्या क्षाराच्या द्रावणातून विस्थापित करील, एवढ्याच आधारावर प्रत्येक भाकीत करता येते.

५ ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) १०० मिलिलीटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून द्रावण केले. लोखंडी खिळ्यावर अपेक्षेप्रमाणे तांबूस थर चढला, तर झिंक सल्फेटमध्ये ठेवलेली तांब्याची तार दोन दिवस जशीच्या तशी राहिली. जस्ताबाबत मी ‘तांबूस थर’ असे लिहिले होते, पण प्रत्यक्षात मखमलीसारखा काळा थर साचला. तेही तांबेच होते; कण अतिसूक्ष्म असल्यामुळे ते काळे दिसते. त्यामुळे खिळ्यावर काळा थर आला, तर त्यावर जस्ताचा मुलामा आहे का, हे आधी पाहावे.

खरा पेच अ‍ॅल्युमिनिअमने टाकला. त्याचे प्रमाण इलेक्ट्रोड विभव (हे जितके अधिक ऋण, तितकी धातूची इलेक्ट्रॉन सोडण्याची प्रवृत्ती जास्त) −१.६६ व्होल्ट, तर जस्ताचे −०.७६ व्होल्ट, म्हणून मी ‘जस्तापेक्षा जलद’ असे निःशंकपणे लिहिले होते. तीन तासांनंतरही पट्टी चकचकीतच होती. पॉलिश कागदाने घासलेल्या दुसऱ्या पट्टीवर केवळ ओरखड्यांच्या कडेने तुरळक तांबूस ठिपके उमटले, कारण घासून काढलेला, धातूला झाकून ठेवणारा ऑक्साइडचा थर हवा लागताच पुन्हा तयार होतो. मग त्याच द्रावणात चमचाभर मीठ घातले. निळा रंग हिरवट झाला, काही मिनिटांत पट्टीच्या कडेला बारीक बुडबुडे धरू लागले, त्यामागोमाग तपकिरी, स्पंजासारखे तांबे सुटून तळाशी बसू लागले आणि पेला हाताला स्पष्टपणे कोमट लागला. क्लोराइड आयन त्या संरक्षक थराला जागोजागी भेदतात आणि खालचा धातू उघडा पडतो. बुडबुडे हायड्रोजनचे असल्याने खिडकी उघडी ठेवावी आणि जवळ ज्योत नसावी.

श्रेणी अभिक्रियेची दिशा सांगते, वेग सांगत नाही, हे वाचून ठाऊक असूनही मी भाकितात वेग मिसळला होता. आता वहीत ‘घडेल का’ आणि ‘किती वेळात’ असे दोन स्वतंत्र रकाने आखले आहेत.

हा परिणाम क्लोराइडचाच की कोणत्याही क्षाराचा, हे ठरवण्यासाठी पुढच्या वेळी मिठाऐवजी सोडिअम सल्फेट वापरणार आहे. भाकीत लिहून झाले आहे : घडेल का, होय, किती वेळात, पहिल्या तासात काहीही दिसणार नाही.